दगड, बरण्या आणि मियागी सर

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

‘कराटे किड’ तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी पाहिलाच असेल. १९८४ साली आलेला, पहिला. त्यात एका पोराला कराटे शिकायचं असतं आणि म्हातारबुवा त्याला गाड्या पुसायला, जमीन घासायला, कुंपण रंगवायला लावतात. पोरगं वैतागतं. मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की त्या पुसण्या-रंगवण्यातूनच आपला हात समोरच्याचा ठोसा अडवायला शिकलाय. या म्हातारबुवांचं नाव मिस्टर मियागी. कॉमन रूमच्या टीव्हीवर हा सिनेमा लागला की हमखास शिट्ट्या पडतात.

पण हे नाव आलं कुठून? पटकथा लिहिणारे रॉबर्ट मार्क केमेन स्वतः ओकिनावाचं गोजू-र्‍यू कराटे शिकलेले होते. ज्यांनी ती शैली उभी केली त्यांचंच नाव त्यांनी आपल्या पात्राला दिलं. खरे मियागी म्हणजे चोजुन मियागी. सिनेमातले मियागी साधे, एकटे, इमारतीची देखभाल-दुरुस्ती करणारे. खरे मियागी गर्भश्रीमंत! आणि तरीही शेवटच्या दिवसांत तेसुद्धा घराच्या अंगणातच शिकवत होते. ते कसं, हेच सांगायला हा लेख.

आधी थोडं आमच्याबद्दल. नालवाडीच्या होस्टेलमध्ये आम्ही पाच जणी पहाटे गच्चीवर कराटे करतो. मी कॉन्व्हेंटमध्ये सहावीपासून शिकतेय (त्यामुळे कराटेचे शब्द मला जपानीत येतात आणि मराठीचे शब्द रूममेटला विचारावे लागतात, असं माझी रूममेट म्हणते). जिमची फी पाच जणींना परवडणारी नाही. मग ठरवलं, जुन्या पद्धतीची साधनं आपणच बनवायची. मेकॅनिकलला आहोत ना, निदान एवढं तरी आलंच पाहिजे! ती साधनं बनवता बनवता शोध घेतला की हे सगळं पद्धतशीर बसवलं कोणी, आणि तिथे मियागी सर भेटले.

चोजुन मियागी यांचा जन्म २५ एप्रिल १८८८ चा, ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातला. ओकिनावा म्हणजे केवढं? आपल्या वर्धा जिल्ह्याचे पाच भाग केले तर त्यातला एक, साधारण तेवढं. पूर्वी तिथे र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. १८७९ साली जपानने ते खालसा केलं, म्हणजे मियागींच्या जन्माच्या अवघी नऊ वर्षं आधी. घरची जहाजं होती, चीनशी व्यापार होता, औषधांचा माल यायचा. वडील लवकर गेले. घराण्याच्या थोरल्या पातीला वारस नव्हता, म्हणून लहानग्या चोजुनला काकांकडे दत्तक दिलं गेलं. पुढे एवढा मोठा कारभार सांभाळायचा तर पोरगा मनाने आणि अंगाने टणक हवा, असं घरच्यांना वाटलं आणि अकराव्या वर्षी त्याला कराटे शिकायला पाठवलं.

पहिले गुरू अरागाकी र्‍युको. त्यांचा भर अंग कणखर करण्यावर. तंत्र नंतर, आधी मूठ घट्ट कर, असा खाक्या. इथेच मियागींची माकिवाराशी ओळख झाली. माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली लाकडी फळी. तिच्या वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळायची आणि त्यावर ठोसे मारायचे. दिसायला खांबच, पण आपल्या मल्लखांबाचा आणि याचा संबंध नाही. मल्लखांबावर चढतात, याला मारतात.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण माकिवाराचं डिझाइन बघून मी खरोखर चाट पडले. ही फळी खाली जाड आणि वर पातळ असते. बुंध्याशी तीन-चार इंच, वरच्या टोकाला जेमतेम अर्धा-पाऊण इंच. म्हणजे आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकतो तो कॅन्टिलिव्हर बीम. टोकाला भार आला की बेंडिंग मोमेंट बुंध्याशी सगळ्यात जास्त, टोकाशी शून्य. तेव्हा जाडी त्याच हिशोबाने कमी करत नेली तर फळी मोडत नाही आणि टोक छान लवतं. ओकिनावाच्या सुतारांनी ही समीकरणं मांडली नव्हती, पण फळी बरोबर तासली होती. मारला की ती मागे जाते, जेवढी मागे जाते तेवढा जास्त विरोध करते आणि परत येते. भिंत असं करत नाही. भिंतीवर ठोसा मारला की सगळा धक्का क्षणात परत मनगटात. आपल्याकडे रागाच्या भरात भिंतीवर मूठ आपटणारे काही वीर आहेत, त्यांनी याची नोंद घ्यावी!

१९०२ साली, चौदाव्या वर्षी, अरागाकींनीच त्याला पुढच्या गुरूंकडे नेलं. कान्र्‍यो हिगाओन्ना. हे गृहस्थ तरुणपणी चीनमधल्या फूचौ शहरात जाऊन तिथली कला शिकून आले होते. शिकवायचे फार थोड्यांना, आणि शिकवायचे फार हळू. सुरुवातीची तीन-चार वर्षं मुख्यतः एकच काता, सांचिन. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. सांचिनमध्ये पावलं जेमतेम काही, पण प्रत्येक श्वासाबरोबर अख्खं अंग आवळायचं आणि सोडायचं. गुरू मागून खांद्यावर, मांडीवर थापा मारून बघणार की स्नायू आवळलाय का. त्याच त्या हालचाली, रोज. कित्येक मुलं कंटाळून सोडून जायची. मियागी राहिले. गुरूंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१५ पर्यंत, ते शिकत राहिले. मध्ये फक्त १९१० ते १९१२ ही दोन वर्षं सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीत गेली. गुरूंच्या आजारपणात त्यांचा खर्च आणि सेवा दोन्ही या श्रीमंत शिष्याने केलं.

त्याच वर्षी मियागी फूचौला गेले. ज्या मातीतून गुरूंची विद्या आली ती माती बघायची होती.  सगळं शोधलेलं सापडलं असं नाही. पण तिथल्या आखाड्यांतलं, श्वासाचं, हाताच्या मऊ गोल हालचालींचं बरंच काही पाहून ते परतले. पुढे त्यांनी त्यातूनच टेन्शो नावाचा काता रचला. सांचिनमध्ये मूठ आवळलेली, टेन्शोमध्ये हात उघडे. कठोर आणि मृदू, दोन्ही.

आता येते ती साधनांची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. कराटेमध्ये याला होजो उंदो म्हणतात, म्हणजे पूरक व्यायाम. मियागींच्या अंगणातली साधनं बघा. चिइशी, म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेला दगड. निगिरीगामे, म्हणजे मातीच्या बरण्या. त्यांचा काठ फक्त बोटांनी पकडून उचलायच्या आणि चालायचं. इशिसाशी, म्हणजे कुलपाच्या आकाराचा, वर मूठ असलेला दगड. तेत्सुगेता, म्हणजे लोखंडी खडावा. बांबूची घट्ट बांधलेली मोळी, तिच्यात बोटं खुपसायला. वाळूने भरलेलं भांडं. यातली कुठलीही वस्तू दुकानातून आणलेली नाही. घरातलं, किनाऱ्यावरचं, शेतातलं, कुंभाराकडचं जे होतं त्यातून केलेलं.

ओळखीचं वाटतंय ना? मलाही वाटलं. आपल्या आखाड्यातले मुद्गल आणि करेल बघा, चिइशीचे सख्खे भाऊ! वजन एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला. गदेचंही तेच. इशिसाशी म्हणजे आपली नाल, दगड कोरून आत मूठ ठेवलेली. (नालवाडीत राहून नाल उचलायची नाही म्हणजे काय, हा आमच्या गच्चीवरचा रोजचा पांचट विनोद.) अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं, मियागी फूचौला जायच्या जेमतेम वर्षभर आधी. दोन्हीकडे माणसं एकमेकांना न ओळखता तेच करत होती. जुन्या, घरोघरच्या, गुरूगणिक बदलणाऱ्या कसरतींना शिस्तीत बसवत होती, म्हणजे शंभर मुलांना एकदम शिकवता येईल.

आमच्या चिइशीची कृती थोडक्यात सांगते. सोळा सेंटिमीटर व्यासाचा रिकामा डबा, त्यात नऊ सेंटिमीटर उंचीपर्यंत सिमेंट, वाळू आणि बारीक गिट्टी. मध्ये कुदळीचा दांडा उभा, त्याच्या बुडाशी आडवे खिळे ठोकलेले, म्हणजे फिरवताना दगड सुटून शेजारणीच्या डोक्यात जाणार नाही. आठवडाभर पाणी मारायचं. काँक्रीटची घनता घनसेंटिमीटरला २.३ ग्रॅमच्या आसपास धरली तर हे झालं साधारण चार किलो. चार किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं, हो ना? आता तो दांडा दगडापासून चाळीस सेंटिमीटरवर धरून हात आडवा करा. मनगटावर जवळजवळ सोळा न्यूटन-मीटरचा टॉर्क येतो. मूठ सरकवून वीस सेंटिमीटरवर आणली की तोच टॉर्क अर्धा. म्हणजे एकच दगड, पण नवशिक्यालाही चालतो आणि जुन्यालाही. जिममध्ये यासाठी डझनभर डंबेल्स लागतात. ज्याने पहिल्यांदा दगडाला दांडा लावला त्याला मोमेंट हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती.

बरण्या मात्र सोप्या. लोणच्याच्या दोन रिकाम्या चिनी मातीच्या बरण्या. आत वाळू. दर आठवड्याला मूठभर वाढवायची. मूठभर, ओंजळभर नाही. यावर मियागींच्या पद्धतीचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून जोर देऊन लिहितेय.

कारण अंग कणखर करणं ही गोष्ट सहज बिघडते. १८९२ साली जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी मांडलं की हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवत जातं. भार वाढला की मजबूत होतं, भार गेला की विरळ होतं. पण हे घडायला वेळ लागतो. घाई केली की हाड घडत नाही, तडकतं. सांध्यांना तर हाडांएवढीही सवलत नाही. माकिवारावर पहिल्या महिन्यात शंभर-शंभर ठोसे मारून बोटांचे सांधे सुजवून बसणारे कराटेपटू जगभर आहेत, आणि वय झाल्यावर पेनही धरता न येणारेही. मियागींनी या बाबतीत डोकं वापरलं. नुसतं परंपरा आहे म्हणून करा, असं त्यांनी ठेवलं नाही. शरीरशास्त्राचा विचार करून त्यांनी आधी करायच्या व्यायामांचा क्रम बांधला: पायाच्या बोटांपासून सुरू करून घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मान. त्याला जुंबी उंदो म्हणतात. त्यानंतर पूरक व्यायाम, मग काता, मग जोडीने सराव. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण शाळेतल्या पीटीच्या तासालासुद्धा वॉर्म-अप असतो. शंभर वर्षांपूर्वी गुरू म्हणायचे कर, की शिष्य करायचा.

मियागी स्वतः पोलिसांना शिकवत, नाहाच्या व्यापारी शाळेत शिकवत. शिकवण्याचा धंदा त्यांनी केला नाही. घरचा पैसा होता तो खर्च होत गेला, व्यापाराकडे फारसं लक्ष नव्हतं. ज्या मुलाला कारभार सांभाळता यावा म्हणून कराटेला घातलं, त्याने कराटेसाठी कारभारच सोडला! घरच्यांना काय वाटलं असेल देव जाणे. आमच्या आयांना हा लेख वाचायला देऊ नका.

शैलीला नाव कसं पडलं तो किस्सा फार छान आहे. १९३० च्या आसपास टोकियोत मोठी प्रात्यक्षिकं होती. मियागी स्वतः गेले नाहीत, त्यांनी आपला पट्टशिष्य जिनान शिंझातो याला पाठवलं. त्याचं काम बघून कोणीतरी विचारलं की तुमची शैली कोणती? शिंझातोची अवस्था आपली व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर होते तशी झाली. कारण नाव नव्हतंच. ओकिनावात नावाची गरज कधी पडली नव्हती. त्याने वेळ मारून नेण्यापुरतं एक नाव ठोकून दिलं आणि परत येऊन गुरूंना सांगितलं. गुरू रागावले नाहीत, विचारात पडले. मग ‘बुबिशी’ नावाच्या जुन्या चिनी ग्रंथात जिथे कठोर आणि मृदू या दोन गुणांचा उल्लेख आहे, तिथून त्यांनी नाव घेतलं: गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मृदू, र्‍यू म्हणजे शैली. १९३३ साली हे नाव जपानच्या युद्धकलांच्या अधिकृत संस्थेत रीतसर नोंदलं गेलं.

१९३४ च्या मे महिन्यात हवाई बेटांवरून बोलावणं आलं. तिथे ऊसमळ्यांत कामाला गेलेले ओकिनावाचे हजारो लोक होते. मियागी तिथे १९३५ च्या सुरुवातीपर्यंत राहिले, शिकवत फिरले. आणि तिथेही त्यांची नजर साधनांवरच! तिथल्या पैलवानांकडे त्यांनी लोखंडाचं एक लांबट, जड कडं पाहिलं. परत आल्यावर तसंच बनवून घेतलं आणि आपल्या अंगणात आणलं. त्याला कोंगोकेन म्हणतात. तीस-चाळीस किलोचं, कधी त्याहूनही जड. दोघांनी मिळूनही वापरता येतं. शुद्ध परंपरा म्हणून आज जे दाखवलं जातं त्यातली एक वस्तू अशी परदेश दौऱ्यातून आलेली आहे, हे मला फार आवडलं.

बरोबर त्याच वर्षांत इथे आमच्या नालवाडीत काय चाललं होतं? १९३२ पासून १९३८ पर्यंत विनोबा भावे इथे राहत होते. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांना तपासायचं होतं. दुसऱ्याला विचारून नाही, स्वतःवर करून. रोज आठ-आठ तास आणि कधी त्याहून जास्त कातायचं आणि त्या मजुरीत बसेल तेवढंच खायचं. तब्येत पार खालावली. १९३८ साली ते पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले, आणि तिथे कुदळ हातात घेऊन खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. मग रोज थोडी थोडी वाढ, करत करत तासांवर. गेलेलं वजन परत आलं आणि वर आणखी वाढलं. कुठे कराटे आणि कुठे विनोबा, असं तुम्ही म्हणाल. पण बरणीत मूठभर वाळू वाढवणं आणि खणायची वेळ मिनिटांनी वाढवणं, यात मला तरी फरक दिसत नाही. जिमवाले याला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

२५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहामध्ये कराटेच्या मोठ्या गुरूंची बैठक झाली, मियागी त्यात होते. तोवर कराटे हा शब्द ज्या अक्षरांत लिहायचे त्याचा अर्थ होता चिनी हात. आता रिकामा हात असा अर्थ असणारी अक्षरं वापरायची का, यावर चर्चा होती. चीनशी युद्धाचे वारे वाहत होते, तेव्हा चिनी हे नाव अडचणीचं झालेलं. शेवटी रिकामा हात रूढ झाला. १९४० मध्ये मियागींनी शाळकरी मुलांसाठी गेकिसाई नावाचे दोन सोपे काता रचले. आज गोजू-र्‍यू शिकणारी कित्येक पोरं सुरुवात त्यांच्यापासूनच करतात. मीही केली.

आणि मग युद्ध ओकिनावात आलं.

१० ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात नाहा शहराचा बहुतेक भाग जळाला. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं आणि जूनच्या अखेरीपर्यंत लढाई चालली. बेटावरची साधारण चार माणसांमागे एक माणूस मेलं. सैनिक नव्हेत, साधी माणसं, बायका, शाळेतली मुलं. मियागींचा एक मुलगा आणि दोन मुली गेल्या. जिनान शिंझातो गेला. ज्याच्या हाती सगळं सोपवायचं असं ठरल्यासारखं होतं, तोच. घर गेलं. आयुष्यभर जमवलेली टिपणं, कागद, सगळं गेलं. घरची श्रीमंती तर आधीच संपत आली होती.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बसले. सत्तावन्न वर्षांचा माणूस. तीन मुलं गेलेली, पट्टशिष्य गेलेला, वह्या नाहीत. कोणीही म्हटलं असतं, झालं आता.

१९४६ मध्ये ते पुन्हा पोलिसांना शिकवायला लागले. आणि नाहाच्या त्सुबोया भागातल्या घराच्या अंगणात त्यांनी शिकवणं सुरू केलं. त्सुबोया ही कुंभारांची वस्ती, सतराव्या शतकापासूनची. बाकी शहर बेचिराख झालं, पण हा भाग त्यामानाने बचावला होता, आणि युद्धानंतर नाहामध्ये सगळ्यात आधी परतू दिलेल्या लोकांत इथले कुंभार होते, कारण लोकांकडे जेवायला ताटवाट्याच उरल्या नव्हत्या. अशा वस्तीत, उघड्या आभाळाखाली, छप्पर नाही, लाकडी जमीन नाही, नुसती माती. पाऊस आला की चिखल. तिथे माकिवारा रोवले गेले, दगडांना दांडे बसवले गेले, बरण्या आल्या. पोरं संध्याकाळी यायची. त्यांच्यातल्याही कोणाचे वडील गेलेले, कोणाचं सगळं घर गेलेलं. आधी झाडलोट, पाणी भरणं, मग व्यायाम, मग तोच सांचिन. शिकवण्याचा वेग त्यांनी वाढवला नाही. घाई करायला सगळ्यात जास्त कारण असलेला हा माणूस, पण एका मुलाला वर्षानुवर्षं तेच ते करायला लावत होता.

मला इथे साधनांचं महत्त्व वेगळंच कळलं. ही विद्या जर महागड्या यंत्रांवर, मोठ्या हॉलवर, छापील पुस्तकांवर उभी असती तर १९४५ मध्ये संपली असती. दगड आणि बरण्या कुठेही मिळतात. वह्या जळल्या, पण एक तासलेली फळी आणि चार दगड पुन्हा करायला मियागींना फार काही लागलं नाही.

८ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ६५. आपला वारस कोण हे जाहीर करून गेले नाहीत, त्यामुळे त्यावरून वाद झाले आणि शाखा फुटल्या. त्यात मला शिरायचं नाही, कारण प्रत्येक शाखेची पुस्तकं आपापलंच खरं सांगतात. त्यांची साधनं एइची मियाझातो या शिष्याकडे आली. त्यांनी १९५७ साली नाहामध्ये जुंदोकान नावाचा दोजो उघडला आणि सरांचे दगड मुलांच्या हातात दिले.

आमच्या माकिवाराचं तेवढं सांगायचं राहिलं. सुताराकडून सागवानी फळी तासून घेतली, सात फुटी, त्यातली अडीच फूट जमिनीत. पण आपली काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खांब ढिला होतो. ओकिनावाच्या पुस्तकांत याचं उत्तर नाही. सिव्हिलच्या मैत्रिणीने सुचवलं की खड्डा रुंद खणा, काळी माती पूर्ण काढा आणि मुरूम घालून थराथराने ठोका. तसं केलं. वर पेंढ्याच्या दोरीऐवजी सुंभ गुंडाळलाय. एक पावसाळा गेलाय, फळी हललेली नाही. उन्हाळ्याचं मे महिन्यात कळेल. ज्यांना बघायचं असेल त्यांनी पहाटे साडेपाचला होस्टेलच्या मागच्या बाजूला यावं. ठोसे पहिल्या दिवशी फक्त दहा मिळतील.